तीन दिवसांच्या बाटलीचा इतिहास

लहान मूल असलेल्या अनेक घरांत फ्रिजच्या दारात एक अर्धवट उरलेली बाटली सापडते. पांढुरकं, गोड औषध. नाव अझिथ्रोमायसिन. दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस, की झालं. मी सॉफ्टवेअरवाला, केमिस्ट्रीशी नातं बारावीपुरतं. पण इतकं सुटसुटीत औषध बनलं कसं, हे वाचायला लागलो आणि लक्षात आलं की हा सुटसुटीतपणाच त्याची ताकद आहे आणि तोच त्याचा धोका.

सुरुवात फिलिपिन्समध्ये होते. अबेलार्दो अगिलार हे तिथले डॉक्टर इलाय लिली या अमेरिकन कंपनीसाठी काम करायचे. १९४९ मध्ये त्यांनी इलोइलो प्रांतातली माती कंपनीला पाठवली. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून एरिथ्रोमायसिन मिळालं आणि १९५२ मध्ये ते ‘इलोटायसिन’ नावानं बाजारात आलं. प्रांताचं नाव ब्रँडमध्ये गेलं. अगिलारांना रॉयल्टी मात्र मिळाली नाही.

हे मॅक्रोलाइड म्हणजे अणूंचं एक मोठं कडं. बॅक्टेरियाच्या पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, रायबोसोम. तयार होणारं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडतं, तिथेच हे कडं अडकून बसतं आणि काम ठप्प होतं. आपल्या पेशींमधले रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून आपण वाचतो. आणि व्हायरसकडे स्वतःचा रायबोसोम नसतोच. साध्या सर्दीत हे औषध का चालत नाही, याचं उत्तर इथेच मिळतं: जे यंत्र बंद पाडायचं, तेच तिथे नाही.

पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना एरिथ्रोमायसिनचा मोठा आधार झाला. पण पोटातल्या आम्लात ते मोडायचं, पोटात कळा यायच्या आणि दिवसातून तीन-चार वेळा घ्यावं लागायचं. यावर उत्तर निघालं झाग्रेबमध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात. प्लीव्हा कंपनीत स्लोबोदान जोकिच यांच्या गटानं १९८० मध्ये चौदा अणूंच्या त्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू घुसवला. कडं पंधराचं झालं आणि आम्लात टिकू लागलं. शिवाय ते शरीराच्या पेशींमध्ये शिरून रेंगाळायचं. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ६८ तास लागतात. फायझरच्या नजरेला हे पेटंट पडलं, १९८६ मध्ये करार झाला. १९८८ मध्ये ते युगोस्लाव्हियात ‘सुमामेड’ म्हणून आणि १९९१ मध्ये अमेरिकेत ‘झिथ्रोमॅक्स’ म्हणून आलं.

डोस थांबल्यावरही औषध दिवसेंदिवस अंगात असतं, म्हणून तीन दिवस पुरतात. पण त्या शेपटीत औषध इतकं पातळ होतं की कमकुवत बॅक्टेरिया मरतात आणि चिवट उरतात. काही बॅक्टेरिया रायबोसोमवर एक छोटासा रासायनिक गट चिकटवतात, आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही. ही युक्ती शिकवणारा जीन ते एकमेकांना देऊही शकतात. बेल्जियममध्ये निरोगी लोकांना मॅक्रोलाइड देऊन केलेला एक अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. औषध घेतलेल्यांच्या घशात दाद न देणारे बॅक्टेरिया झपाट्यानं वाढले, आणि पुढे सहा महिने तपासलं तरी औषध न घेतलेल्यांपेक्षा जास्तच दिसत राहिले. एका माणसाचा एक कोर्स, एवढ्यावर.

मग हा रस्ता एकाच दिशेचा आहे का? फिनलंडनं याचं उत्तर दिलंय. तिथे घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये एरिथ्रोमायसिनला प्रतिरोध वाढताना दिसला, तेव्हा डॉक्टरांना मॅक्रोलाइडचा वापर आवरायला सांगण्यात आलं. एका वर्षात वापर चाळीसेक टक्क्यांनी उतरला. १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेला प्रतिरोध १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आला. नवं औषध न शोधता, फक्त हात आखडता घेऊन.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. २०१९ मधल्या खासगी विक्रीच्या आकडेवारीवर बेतलेल्या एका अभ्यासात अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी हे भारतात सर्वाधिक खपणारं अँटिबायोटिक ठरलं. नंतर कोविडमध्येही ते सर्रास लिहून दिलं गेलं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. टायफॉइडमध्ये मात्र हेच औषध अनेकदा खरोखर लागतं. ते तिथे चालेनासं झालं, तर तोंडानं घ्यायचे पर्याय फार उरत नाहीत.

म्हणून बाटलीवरच्या बारीक अक्षरांना अर्थ आहे. पाण्यात हे औषध फार टिकत नाही, म्हणून बाटलीत बहुधा पावडर येते. पाणी सांगितलेल्या खुणेपर्यंतच घालायचं. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिला डोस हलका आणि शेवटचा भारी होतो. माप घरातल्या चमच्यानं नको, सोबतच्या मापानं घ्यायचं. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, म्हणून थोरल्याचा धाकट्याला चालत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि सांगितलेले दिवस संपले की उरलेली बाटली पुढच्या तापासाठी ठेवायची नाही. तो ताप कसला, हे बाटलीला माहीत नसतं.