सुऱ्याचे पाते जाड असावे की पातळ?

शिकारीचा मोठा सुरा म्हटले की अमेरिकेतल्या 'बोई' सुऱ्याचे नाव निघते. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील एका वाळूच्या पट्ट्यावर मारामारी झाली. तीत जेम्स बोईने असा सुरा चालवला आणि माणूस व सुरा दोघेही गाजले. १८३८ साली त्याचा भाऊ रेझिन याने वृत्तपत्राला पत्र लिहून खुलासा केला, की पहिला सुरा आपणच शिकारीसाठी बनवला होता. पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी. जाडीचा त्याने उल्लेख केला नाही. सुरा टिकणार की मोडणार, यात मात्र जाडीचा वाटा मोठा!

जाड म्हणजे टिकाऊ, असे आपण सहज धरून चालतो. ते कितपत खरे आहे? पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर जाडी घेतली तर वजन दुप्पट होते, पण पाते वाकवायला आठपट जोर लागतो. इथवर जाडीची बाजू भक्कम.

आता एक जाड खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर शाईने जवळजवळ आडव्या रेघा मारा आणि ते वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा फाकतात, आतल्या बाजूला जवळ येतात. पातळ रबर तितकेच वाकवले तर रेघा कमी फाकतात. पोलादाचेही तसेच. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर वाकवताना ३ मिलिमीटर पात्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ३ टक्के ताणला जातो, ६ मिलिमीटरचा ६ टक्के. म्हणजे जाड पाते सहजी वाकत नाही, पण वाकावेच लागले तर आधी तडकते. शिवाय जाड पाचर लाकडात रुततानाही अडते, हे कुऱ्हाड चालवणाऱ्याला सांगायला नको.

१९७६ मध्ये विल्यम मोरान यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी'ची परीक्षा आम्हाला म्हणूनच फार आवडते. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुऱ्याने मोकळा लोंबता, एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा. मग दोन बाय चार इंची लाकडी फळी दोनदा तोडायची. एवढे झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी तेच पाते शेगड्यात धरून ९० अंशांत वाकवायचे! धारेकडे थोडी चीर गेली तरी चालते; पाते मोडले की उमेदवार नापास.

केस काढणारी धार कठीण हवी, वाकणारे पाते मऊ हवे. एकाच लोखंडात हे जमते कसे? युक्ती पाणी देण्यात आहे. पाते लाल तापवून फक्त धारेकडची बाजू तेलात बुडवली, तर धार झटकन निवते आणि कठीण होते. पाठ सावकाश निवते आणि मऊ राहते. साध्या कार्बनी पोलादाचे अख्खे पाते बुडवले तरी पातळ धार आधी निवते, जाड पाठ मागे राहते. जाडीचा हा उपयोग आकड्यांत दिसत नाही. नंतर साधारण २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून धारेचा ठिसूळपणा उतरवतात.

पुरेसे तापले हे ओळखायला अनेक कारागीर जवळ लोहचुंबक ठेवतात. लोखंड सुमारे ७७० अंशांवर गेले की चुंबक त्याला चिकटत नाही. त्यानंतर आणखी थोडे तापवून पाते तेलात जाते.