अफवेचा फॉरवर्ड जीवघेणा कसा ठरतो? तो आपल्या फोनवर थांबवायचा कसा?

"मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा" असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. वाचताना तो काळजीपोटी पाठवलेला वाटतो. पण अशाच मेसेजनी महाराष्ट्रात माणसं मारली गेली आहेत. मी कुंभवलीत राहतो. तारापूर एमआयडीसीमुळे आमच्याकडे चाळींमध्ये बाहेरगावचे कामगार भाड्याने राहतात, अनोळखी चेहरा रोजच दिसतो. अशा ठिकाणी एक मेसेज काय करू शकतो, हे समजून घ्यायलाच हवं.

काय घडलं होतं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते. संशय एकच: ही मुलं पळवणारी टोळी आहे.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. पोलीस तिथे हजर असतानाही. त्या भागात आधीपासून चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा होती.

त्यानंतर अफवांची दुसरी फेरी सुरू झाली. व्हिडिओतला "ओय, बस" हा आवाज "शोएब, बस" आहे असं सांगून घटनेला धार्मिक रंग देण्यात आला. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे जाहीर करावं लागलं. लक्षात घ्या, कॅप्शन आधी वाचलं की कानाला तेच ऐकू येतं.

मेसेज इतका का पसरतो?

फॉरवर्ड केल्यावर मूळ पाठवणाऱ्याचं नाव गळून पडतं, आणि आपल्याला दिसतो तो मामा किंवा वर्गमित्र. विश्वास आपण त्याच्यावर ठेवतो, मजकुरावर नाही. भाषाही ठरलेली असते: "ते" आलेत, पोलीस काही करत नाहीत, आता आपणच बघायचं. शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते थेट हात उचलायला सांगतं.

२०१८ मध्ये फिरलेला अपहरणाचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मुलाला परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कापून टाकला होता.

व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये एका वेळी ५ चॅटची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण एका ग्रुपमध्ये १,०२४ जण असू शकतात. त्यामुळे खरा ब्रेक आपल्याच अंगठ्यात आहे.

आपण काय करायचं?

१. दुहेरी बाण दिसला की थांबा. गाव, तारीख, पोलीस ठाणं लिहिलंय का ते बघा.
२. व्हिडिओचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाका. जुना असेल तर बऱ्याचदा लगेच कळतं.
३. "हे खोटं आहे" म्हणत तोच व्हिडिओ पुन्हा पाठवू नका. खरं काय ते दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. पाठवणाऱ्याला ग्रुपवर झापू नका, खाजगीत सांगा. मान राखला तर तो स्वतःच डिलीट करेल.
५. ॲडमिन असाल तर मेसेज सर्वांसाठी काढा. वातावरण तापलं असेल तर "फक्त ॲडमिन" सेटिंग लावा.
६. रस्त्यावर गर्दी जमत असेल तर शूटिंग नको, आधी ११२ ला फोन करा. सरपंच, पोलीस पाटील यांनाही कळवा.

आणि कायदा? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार खोटी माहिती किंवा अफवा पसरवून भीती वा तेढ निर्माण केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मी फक्त फॉरवर्ड केलं" एवढ्यावर सुटका होईलच असं नाही.

तुम्ही ॲडमिन असलेला एक तरी ग्रुप आज उघडा आणि पाचव्या मुद्द्यातलं सेटिंग कुठे आहे ते शोधून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.