शायॅन डोंगराखालची अडलेली दारे

2004 चा हिवाळा सुरू होता होता अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात शेकडो गॅरेजांची दारे एकाएकी रिमोटला दाद देईनाशी झाली. थंडीत गाडीच्या काचा वर करून बसलेली माणसे बटण दाबत राहिली, दार ढिम्म. सेल बदलून पाहिला, तरी तेच. गॅरेजची दारे बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाकडे चारशेहून अधिक फोन आले. गंमत म्हणजे भिंतीवरचे तारेने जोडलेले बटण दाबले, की तेच दार निमूट वर जाई. बिघाड ना मोटरीत होता, ना साखळीत. तो होता हवेत, आणि त्याचा उगम शहराच्या नैऋत्येला उभ्या असलेल्या शायॅन डोंगरावर होता.

गॅरेजच्या दाराचा इतिहास सांगायला या शहराइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. 1871 मध्ये जनरल विल्यम जॅक्सन पामर याने वसवलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,840 मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही बरेच वर. पश्चिमेला 4,302 मीटरचा पाइक्स पीक. या पर्वतरांगेवरून खाली उतरणारा चिनूक वारा उतरता उतरता तापतो आणि भर हिवाळ्यात काही तासांत गावाचे हवामान पालटून टाकतो. जानेवारी 2017 मधल्या वादळात शायॅन डोंगराजवळ वाऱ्याचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या वर गेला होता. सकाळी बर्फ, दुपारी कडक ऊन, रात्री पुन्हा गारठा: लोखंड, रबर आणि वंगण या तिघांचीही परीक्षा पाहणारी ही हवा आहे.

बिनतारी हुकमाचे या गावाशी नातेही जुने. निकोला टेस्ला याने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली आणि त्याच वर्षी दूरनियंत्रणाचे पेटंट मिळवले. पुढच्याच वर्षी तो प्रयोगशाळा थाटायला आला, तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला. त्याच्या प्रयोगांच्या ताणाने वीज कंपनीचा जनरेटर निकामी झाला, ही कथा गावात आजही सांगतात. 1961 पासून शायॅन डोंगर आतून पोखरायला सुरुवात झाली आणि 1966 मध्ये हवाई संरक्षणाचे भूमिगत केंद्र तिथे सुरू झाले. त्याची स्फोटरोधक दारे प्रत्येकी 25 टनांची आहेत. आतल्या 15 इमारती तेराशेहून अधिक अजस्र स्प्रिंगांवर उभ्या आहेत, म्हणजे वर बाँब पडला तरी धक्का पचावा.

डोंगराखालच्या घरांची दारेही स्प्रिंगांच्याच जिवावर चालतात, हे मात्र बहुतेक घरमालकांना स्प्रिंग तुटेपर्यंत माहीत नसते.

मोटारी आल्या तेव्हा त्या घोडागाड्यांच्या जुन्या पागांमध्ये ठेवल्या जात. त्या पागांची दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी, दोन पाखांची, जड. दारापुढे फूटभर बर्फ साचला, की आधी फावडे घ्यायचे, मग गाडी काढायची. सी. जी. जॉन्सन याने 1921 मध्ये आडव्या फळ्यांचे, बिजागऱ्यांनी जोडलेले, रुळांवरून वर सरकत छताखाली जाणारे दार आणले, आणि बर्फाचा प्रश्न निम्मा सुटला. दार वर जाणार असेल तर त्याला पुढे जागा लागतच नाही. आपल्याकडच्या दुकानाच्या शटरसारखे ते गुंडाळले जात नाही. छताला समांतर आडवे पडते. दाराची छोटी प्रतिकृती गाडीच्या मागे बसवून जॉन्सन गावोगाव विक्रेते शोधत फिरला, असे त्याची कंपनी आपल्या इतिहासात सांगते. इंडियाना राज्यातल्या हार्टफर्ड सिटीत तिने बस्तान बसवले. 1926 मध्ये जॉन्सननेच हे दार विजेवर उघडणारे यंत्र तयार केले. तोच पहिला ओपनर.

ओपनर दार उचलतो, हा समज कारागिरांना रोज खोडून काढावा लागतो. दोन गाड्यांच्या गॅरेजचे पोलादी दार सत्तर ते शंभर किलोंच्या घरात जाते. ते वजन तोलते दारावरच्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली स्प्रिंग. तोल नीट असेल तर एका हाताने दार वर जाते, आणि अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीला फक्त ढकलण्याचे काम उरते. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा दार उघडण्या-मिटण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. दिवसातून चार फेऱ्या धरल्या तर सातएक वर्षे. मग एका सकाळी गॅरेजमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो आणि ओपनर नुसताच कण्हत राहतो. फोनवर तक्रार येते ती ‘ओपनर बिघडला’ अशी. कारागीर मात्र गाडीत स्प्रिंग टाकूनच निघतो. थकलेले पोलाद गारठ्यात तडकते, म्हणून असे फोन थंडीच्या लाटेत वाढतात.

थंडीची करामत एवढ्यावर थांबत नाही. चाकांमधले आणि रुळावरचे चुकीचे ग्रीस घट्ट होते, दार अडखळते, आणि वाटेत काहीतरी आडवे आले असे समजून ओपनर दार अर्ध्यावरून परत फिरवतो. वितळलेले पाणी दाराखाली ओघळते, रात्री गोठते आणि तळाची रबरी पट्टी फरशीला चिकटते. घाईत असलेला मालक बटण दाबत सुटतो, तेव्हा एक तर पट्टी फाटते, नाही तर मोटरीतल्या नायलॉनच्या चक्राचे दाते झडतात. दुरुस्तीच्या धंद्यातले हे चक्र म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक. वाऱ्याची तऱ्हा निराळी. रुंद दार हे घराचे सर्वांत मोठे भोक आणि सर्वांत लवचीक भिंत. वाऱ्याचा लोट आला की मधल्या फळ्या आत दबतात, चाके रुळात आवळली जातात आणि दार पुन्हा उलटे फिरते. त्यावर उपाय म्हणून फळ्यांच्या पाठीवर आडव्या पोलादी पट्ट्या ठोकतात. त्याने दाराचे वजन वाढते, म्हणजे स्प्रिंगचा तोल पुन्हा साधणे आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, घराला चिकटलेले गॅरेज हेच घराचे खरे प्रवेशद्वार बनले आणि रेडिओवर चालणारे ओपनर घरोघर पोहोचले. ओहायोतल्या अलायन्स कंपनीचा ‘जीनी’ 1954 चा. सुरुवातीच्या यंत्रांची भाषा फार साधी होती: ठरावीक लहर आली की उघड. शेजाऱ्यानेही तेच यंत्र घेतले असेल, तर त्याच्या बटणाने आपले दार उघडे. मग रिमोटमध्ये आणि ओपनरमध्ये बारीक खटक्यांची रांग आली. दोन्हीकडचे खटके सारखे लावायचे, म्हणजे तो आपला गुप्त आकडा. बारा खटक्यांचे 4,096 आकडे होतात. शेजाऱ्यापासून बचाव व्हायला तेवढे पुरेसे होते. चोरापासून मात्र नव्हते.

का, ते 2015 मध्ये सॅमी कामकार या संगणक सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिले. मॅटेल कंपनीचे, उत्पादन बंद झालेले एक खेळणे घेऊन त्याने असे दार दहा सेकंदांच्या आत उघडले. एरवी सगळे आकडे एकामागून एक पाठवायला अर्धा तास लागला असता. त्याची युक्ती मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्या कोणालाही चटकन कळेल. ‘यमाताराजभानसलगा’ या दहा अक्षरांत आठही गण लपलेले असतात. यमाता, मातारा, ताराज, राजभा असे एकेक अक्षर पुढे सरकत गेले, की तीन अक्षरांचा प्रत्येक गण एकदा आणि एकदाच सापडतो. आठ गण सुटे सुटे लिहायचे तर चोवीस अक्षरे लागली असती. गणितात अशा मांडणीला डी ब्रॉइन या डच गणितज्ञाचे नाव आहे. जुना ओपनर आकडा कुठे सुरू झाला नि कुठे संपला हे पाहत नाही. शेवटचे बारा खटके जुळले की उघडतो. त्यामुळे 49,152 खुणा पाठवण्याऐवजी 4,107 खुणांची एकच माळ पुरते. त्यात अशा यंत्रांना प्रत्येक आकडा अनेकदा पाठवण्याची आणि मध्ये थांबण्याची गरज नव्हती, हेही त्याने हेरले होते.

तोवर नव्या यंत्रांनी वाट बदलली होती. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून दर दाबण्यासरशी बदलणारा आकडा आला. एकदा वापरलेला आकडा ओपनर पुन्हा स्वीकारत नाही. चोराची अडचण झाली, तशी दुरुस्तीवाल्याचीही. हरवलेल्या रिमोटऐवजी दुसऱ्या कंपनीचा स्वस्त रिमोट चालवायचा कसा? स्कायलिंक या कॅनडातल्या कंपनीने तसा रिमोट काढला, तेव्हा चेंबरलेन या बड्या ओपनर कंपनीने तिला कोर्टात खेचले. आधार घेतला तो 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा. सिनेमे आणि गाणी चोरांपासून वाचवायला केलेला कायदा गॅरेजच्या दाराला लावायचा हा प्रयत्न होता. 31 ऑगस्ट 2004 रोजी अपिलाच्या न्यायालयाने तो फेटाळला. ओपनर विकत घेतलेल्या माणसाला तो आपल्या पसंतीच्या रिमोटने चालवण्याचा हक्क आहे, असा या निकालाचा सारांश. दुरुस्तीच्या हक्कावर आज जो वाद चालतो, त्यात या खटल्याचा दाखला हमखास निघतो.

या धंद्याला सर्वांत मोठे वळण दिले ते मात्र मुलांच्या मृत्यूंनी. 1982 नंतरच्या दशकभरात आपोआप मिटणाऱ्या दारांखाली सापडून पन्नासच्या आसपास मुले दगावल्याची नोंद अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे झाली. 1990 मध्ये संसदेने कायदा केला, आणि 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला दार मिटताना आडवे आलेले मूल ओळखणारी जादा व्यवस्था सक्तीची झाली. बहुतेकांनी दोन डोळे बसवले: फरशीपासून फार तर सहा इंचांवर, एक प्रकाश सोडणारा, दुसरा टिपणारा. कोळिष्टक, बर्फाचा थर, वाऱ्याच्या थरथरीने वाकडी झालेली पट्टी, एवढेच काय, हिवाळ्यातले कलते ऊन थेट डोळ्यात शिरले तरी दार मिटायचे नाकारते आणि दिवा लुकलुकतो. कंटाळलेले मालक दोन्ही डोळे छताला समोरासमोर बांधून टाकतात. प्रामाणिक कारागीर ते आधी खाली आणतो, मग बाकीच्या कामाला हात घालतो.

आता शायॅन डोंगराची गोष्ट. अनेक ओपनर 390 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालत. हा पट्टा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या ताब्यातला. लष्कर तो जमिनीवर फारसा वापरत नव्हते, म्हणून कमी शक्तीच्या घरगुती यंत्रांचे त्यात निभावून जाई. कायदा मात्र स्पष्ट होता: अशा विनापरवाना यंत्रांनी इतरांना अडथळा करू नये आणि स्वतःला झालेला अडथळा सोसावा. ही अट यंत्रावरच्या चिठ्ठीवर छापलेलीही असे. ती वाचतो कोण? सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर लष्करी तळांवर नवे रेडिओ आले. फ्लोरिडा, मेरीलँड, पेनसिल्व्हेनियातल्या तळांजवळची दारे आधीच रुसली होती. एरवी असा त्रास दहाएक मैलांपुरता राहतो. इथे प्रक्षेपण डोंगरावरून होत असल्याने त्याची पोहोच वाढली. आणीबाणीत मदतीला धावणाऱ्यांसाठीच्या या लहरीची चाचणी हवाई दलाने शेजारधर्म म्हणून थांबवली आणि दारे पुन्हा उघडू लागली. हक्क मात्र हवाई दलाचाच होता. यंत्र बदलायचे तर सुमारे 250 डॉलरचा खर्च घरमालकाच्या माथी होता. कारागीर 315 मेगाहर्ट्झचे जोडसंच बसवू लागले. 2011 पासून तर तीन वेगवेगळ्या लहरींवर बोलणारी आणि मोकळी असेल ती निवडणारी यंत्रे बाजारात आली.

जून 2012 मध्ये वॉल्डो कॅन्यनचा वणवा वाऱ्यावर स्वार होऊन या शहरात शिरला. सुमारे 32 हजार लोकांना घरे सोडावी लागली आणि 346 घरे खाक झाली. अशा वेळी वीज गेली, की विजेवरचे दार वाट अडवून बसते. 2017 च्या वणव्यांत कॅलिफोर्नियात काही वृद्धांना आपले दार उघडता आले नाही. त्यानंतर त्या राज्याने 1 जुलै 2019 पासून नव्या ओपनरांना बॅटरीची सक्ती केली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही हे दार रोज वर-खाली होते. तेव्हा दार ओपनरपासून सुटे करणारी, छताजवळ लोंबणारी लाल दोरी घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावी. दार मिटलेले असताना ती ओढून दार हाताने अर्ध्यावर न्यावे. तिथे ते थांबले तर तोल ठीक आहे. खाली येऊ लागले, जड लागले किंवा स्प्रिंगमध्ये फट दिसली, तर दोरीही ओढू नये आणि स्प्रिंगलाही हात लावू नये. कारागिराला बोलवावे.