ॲबट घराणे

ॲबट घराणे : सतराव्या शतकात इंग्लंडमधून उत्तर अमेरिकेत स्थलांतरित झालेले आणि एकोणिसाव्या शतकात धर्मप्रसाराच्या निमित्ताने महाराष्ट्राशी जोडले गेलेले एक घराणे. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक जस्टिन एडवर्ड्‌स ॲबट (१८५३–१९३२) हे याच घराण्यातील होत.

मूळ पुरुष : घराण्याचा अमेरिकेतील मूळ पुरुष जॉर्ज ॲबट. तो प्यूरिटन पंथीयांच्या स्थलांतराच्या लाटेत १६४० च्या सुमारास मॅसॅचूसेट्समध्ये आला व अँडोव्हर या गावाच्या आद्य वसाहतकऱ्यांपैकी एक झाला. हॅना चँडलर हिच्याशी १६४६ मध्ये त्याचा विवाह झाला; १६८१ मध्ये तो मरण पावला. पुढील पिढ्यांत जमीन अपुरी पडू लागली, तेव्हा वंशजांनी नव्या वसाहतींची वाट धरली. न्यू हॅम्पशरमधील विल्टन येथे अठराव्या शतकात स्थायिक झालेली ॲबट कुटुंबे याच वंशवृक्षाच्या शाखा होत.

वंशावळीची साधने : मॅसॅचूसेट्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवण्याचा आदेश १६३९ मध्येच निघाला होता. या ग्रामनोंदी, चर्चच्या सभासदांच्या याद्या, मृत्युपत्रे, जमिनीचे दस्तऐवज व थडग्यांवरील लेख हा अशा संशोधनाचा आधार होय. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशी त्यांची तुलना करता येईल. फरक असा, की वहीतील नोंद यजमानाच्या यात्रेवर अवलंबून असते, तर ग्रामनोंद कायद्याने आवश्यक ठरलेली होती. बॉस्टन येथे १८४५ मध्ये वंशेतिहासाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. ॲबिएल व एफ्रेम ॲबट या धर्मोपदेशकांनी जॉर्ज ॲबटच्या वंशजांची नोंदवही १८४७ मध्ये प्रसिद्ध केली.

तथापि नामसादृश्यामुळे अशा संशोधनात घोटाळे होतात. त्याच काळात रोली येथे दुसरा एक जॉर्ज ॲबट राहत होता व त्याचे पुत्रही पुढे अँडोव्हरला आले. कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट (१५६२–१६३३) यांच्याशी नाते जोडण्याचा मोहही अनेकांना झाला. परंतु केवळ नाव सारखे असणे हा नात्याचा पुरावा नव्हे. कुलपरंपरेनुसार मूळ स्थान यॉर्कशर समजले जाई; नंतरच्या संशोधकांनी हार्टफर्डशरमधील बिशप्स स्टॉर्टफर्डकडे निर्देश केला आहे.

महाराष्ट्रातील शाखा : अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रेरणेने १८१० मध्ये अमेरिकन मिशनरी मंडळ स्थापन झाले व त्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. विल्टन येथे जन्मलेले एमॉस ॲबट १८३४ मध्ये या मिशनच्या कार्यासाठी भारतात आले व अहमदनगर भागात त्यांनी शिक्षणकार्य केले. १८४७ मध्ये ते मायदेशी परतले. १८५७ मध्ये पुन्हा आले. दरम्यान न्यू हॅम्पशरमधील पोर्ट्‌स्मथ येथे जस्टिन यांचा जन्म झाला. देवळालीसारख्या छावण्यांतून ब्रिटिश सैनिकांची ये-जा चाले व सेवेची मुदत संपताच ते परतत. मिशनरी कुटुंबांची मुले मात्र या मातीत वाढत व मराठी त्यांच्या कानी बालपणापासून पडे.

डार्टमथ महाविद्यालयातून पदवी घेऊन जस्टिन १८८१ मध्ये मिशनरी म्हणून भारतात परतले. १९१० मध्ये निवृत्त झाल्यावर न्यू जर्सीतील समिट येथे त्यांनी संतवाङ्‌मयाच्या अनुवादाला वाहून घेतले. भानुदास (१९२६), एकनाथ (१९२७), बहिणाबाई (१९२९), तुकाराम (१९३०) व रामदास (१९३२) हे त्यांच्या मालेतील प्रमुख खंड. त्यांतील बराच भाग महीपतीच्या (१७१५–९०) ग्रंथांवर आधारित आहे. महीपतीचे ताहराबाद अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातच येते, हे लक्षणीय आहे. त्यांच्या मृत्यूनंतर उरलेले खंड न. र. गोडबोले व जे. एफ. एडवर्ड्‌स यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : धर्मांतर घडविण्यासाठी आलेल्या घराण्यातील पुत्राने भागवत धर्माच्या संतांची चरित्रे इंग्रजी वाचकांपुढे ठेवावी, हे या वंशेतिहासाचे वैशिष्ट्य होय. बहिणाबाईच्या आत्मचरित्रात तिच्या पूर्वजन्मांची मालिका सांगितली आहे. तिचा अनुवादक ज्या परंपरेत जन्मला तिला पुनर्जन्म मान्य नव्हता. तरीही ती कथा त्याने परभाषेत नेली. वंशावळ रक्ताचे नाते दाखविते. ॲबट यांचे मराठीशी जडलेले नाते तिच्यात मावत नाही. ते त्यांच्या ग्रंथांतच नोंदलेले आहे.