मंदीतील महाग पैसा

व्याजाचा दर वाढविणे हे मध्यवर्ती बँकेच्या पेटीतील जुने औषध आहे. परंतु औषध जुने म्हणून ते प्रत्येक रोगाला लागू पडते असे नाही. अमेरिकेतील १९३१ चा ऑक्टोबर महिना या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. उद्या डॉलरचीही हीच गत होईल, या भयाने फ्रान्स, बेल्जियम आदी देशांच्या बँका डॉलर देऊन सोने मागू लागल्या. तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने एका आठवड्याच्या अंतराने दोनदा दर चढवून तो दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. महिनाअखेर सोन्याचा ओघ थांबला. मात्र त्याच एका महिन्यात पाचशेहून अधिक बँकांना टाळे लागले.

कोणी म्हणेल, साडेतीन टक्के हे काय महाग व्याज? परंतु व्याजाचा खरा भार कर्ज फेडण्यासाठी जो माल विकावयाचा, त्याच्या भावावर ठरतो. १९२९ साली शेतकऱ्याला बुशेलभर गव्हाचा सुमारे एक डॉलर मिळे. १९३१ साली चाळीस सेंटही मिळेनात. शंभर डॉलरांचे मुद्दल पूर्वी शंभर बुशेलांत फिटे, त्याला आता अडीचशे लागत, व्याज वेगळेच!

वॉल्टर बॅजट या इंग्रज पंडिताने १८७३ मध्येच सांगितले होते की, घबराटीच्या वेळी दर चढा ठेवावा, पण सुस्थित बँकांना हात न आखडता कर्ज द्यावे. अमेरिकेने या सूत्राचा पूर्वार्ध तेवढा उचलला. १९६३ साली फ्रीडमन आणि श्वार्ट्झ यांनी आपल्या ग्रंथात फेडरल रिझर्व्हवर हाच ठपका ठेवला. सोन्याच्या बंधनामुळे तिचे हात बांधलेले होते, असे दुसरा पक्ष म्हणतो. पण तसे मानले तरी प्रश्न उरतोच : ते बंधन कोणाच्या जिवावर पाळले गेले?

ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडताना दर सहा टक्क्यांपर्यंत चढविला होता. पण जून १९३२ मध्ये तो दोन टक्क्यांवर आणला. तेथे स्वस्त कर्जावर घरे उभी राहिली. अमेरिकेत १९३३ साली चार कामकऱ्यांपैकी सुमारे एक बेकार होता.

श्रोतेहो, चलनाची पत राखणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य खरेच. पण चलनाची पत राखताना ऋणकोची आणि ठेवीदाराची पत बुडू लागली, तर ती राखली कोणासाठी, हे त्यांना विचारण्याचा अधिकार नागरिकांचा आहे.