स्मॉलेस्ट शो ऑन अर्थ, द

ब्रिटिश विनोदी चित्रपट (१९५७). कृष्णधवल, लांबी सुमारे ८० मिनिटे. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. कथा विल्यम रोझ यांची. पटकथा रोझ आणि जॉन एल्ड्रिज यांची. रोझ यांनीच लिहिलेला ‘द लेडीकिलर्स’ सिनेरसिकांच्या तोंडी राहिला. हा धाकटा भाऊ मागे पडला.

मॅट आणि जीन स्पेन्सर (बिल ट्रॅव्हर्स, व्हर्जिनिया मॅकेन्ना) या तरुण जोडप्याला वारसाहक्काने ‘बिजू’ नावाचे चित्रगृह मिळते. रेल्वेच्या पुलांमध्ये चेपलेली ही इमारत गाडी गेली की हादरते. शेजारच्या आलिशान ‘ग्रँड’ चित्रगृहाच्या मालकाला ती मोटारी लावायच्या जागेसाठी हवी असते, पण कवडीमोलाने. भाव वाढावा म्हणून जोडपे खेळ पुन्हा सुरू करण्याचे सोंग करते आणि हळूहळू त्यातच गुंतते. वाळवंटातला चित्रपट लागला की सभागृह मुद्दाम तापवायचे आणि मध्यंतरात थंडगार माल खपवायचा, इथवर त्यांची मजल जाते.

खरी गंमत मात्र वारशाबरोबर आलेल्या तीन म्हाताऱ्या नोकरांची. तिकीट खिडकीवरच्या मिसेस फॅझॅकली (मार्गारेट रदरफर्ड), नव्या गणवेशाची आस लागलेला दारावरचा टॉम (बर्नार्ड माइल्स) आणि दारूपासून लांब राहायची धडपड करणारा ऑपरेटर क्विल. क्विल झालेले पीटर सेलर्स तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले होते, हे पडदा पाहताना खरे वाटत नाही. एका रात्री खेळ संपल्यावर हे तिघे १९२३चा ‘कमिन थ्रू द राय’ हा मूकपट स्वतःपुरता लावतात. क्विल यंत्रापाशी, फॅझॅकलीबाई पियानोवर, टॉम रिकाम्या खुर्च्यांत. मालक जोडपे ते चोरून पाहते. इथे विनोद पूर्ण थांबतो, आणि डिअर्डन दृश्य आटोपण्याची घाईही करत नाहीत. टीव्हीमुळे ब्रिटनमधील चित्रगृहे धडाधड बंद पडत होती त्या काळातले हे दृश्य आहे.

शेवट वरवर गोड. ग्रँड जळते, बिजूला भाव येतो; आग कोणी लावली हे टॉमच्या बोलण्यातून उमगते आणि चित्रपट संपतो. नीतीचा हिशेब कोणी मागत नाही.

बिजूचा दर्शनी भाग लंडनच्या किलबर्न भागात दोन पुलांमध्ये खास उभारला होता. ग्रँड म्हणून दिसते ते हॅमरस्मिथचे गोमाँ चित्रगृह. तिथे आता संगीताचे जलसे होतात.