एका तारेवर अनेक आवाज

आपल्या शाळेत प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर स्पीकरची लाकडी पेटी होती, आठवतंय? मुख्याध्यापकांच्या खोलीतला माईक सुरू झाला की सगळ्या पेट्या एकदम बोलू लागायच्या. प्रार्थना, दिनविशेष, सहलीच्या सूचना. तार एक, आवाज एक, आणि तो सगळ्यांनी ऐकायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला फळ्यावरचं दिसत नसे. मी तिला हळूच वाचून दाखवायची. पेटी बोलू लागली की माझं वाचन बंद. "तारेतून दोन आवाज का नाही येत गं?" तिने एकदा विचारलं. मला सांगता आलं नाही.

पुढे इंजिनिअर झाले, संगणकांच्या जाळ्यांवर काम केलं, तेव्हा या प्रश्नाचा इतिहास कळला.

सुरुवात टेलिफोनची. बोलणं समजायला आवाज फार स्वच्छ असावा लागत नाही. टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पाठवत असत. त्याचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. सीडीवरच्या गाण्याला याच्या २२ पट लागतात. १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने याच हिशेबावर तारांच्या दोन जोड्यांवरून एका वेळी २४ संभाषणं चालवली.

पण त्या टेलिफोनवर प्रत्येक संभाषणाची जागा रेल्वेच्या बर्थसारखी राखीव असे. संगणकाचं जाळं टपालासारखं चालतं: माहितीची पाकिटं करायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि सोडून द्यायची. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्पानेटवरून बोलणं पाठवलं. तिथल्या तारा सेकंदाला ५० हजार बिटांच्या. टेलिफोनचा आवाजही त्यात मावेना. म्हणून त्यांनी तो आणखी ओबडधोबड केला, पण शब्द कळत होते.

खरी अडचण वेगळीच निघाली. हरवलेलं पाकीट पुन्हा मागवणं पत्राला चालतं, बोलण्याला नाही. पुन्हा मागवेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. थोडी खरखर चालेल, उशीर चालणार नाही, असा कोहेन यांचा आग्रह होता. हरवलेलं परत न मागणारी यूडीपी ही पद्धत १९८० मध्ये लिहिली गेली, त्यामागे हा आग्रहही होता. त्याच दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात एका इमारतीतल्या ईथरनेटवर 'ईथरफोन' बोलू लागले.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्यांच्या संख्येचा. चाळीस जण ऐकत असतील तर चाळीस प्रती का पाठवायच्या? स्टीव्ह डीरिंग यांची मल्टिकास्ट पद्धत १९८९ मध्ये प्रमाण ठरली. प्रत्येक वाहिनीची एकच प्रत जाळ्यात सोडायची. ज्याला जी हवी ती त्याने उचलायची. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोच्या एका तांत्रिक बैठकीतली भाषणं अशीच तीन खंडांतल्या २० ठिकाणी त्याच वेळी ऐकली गेली.

आता हिशेब करा. चाळीस संगणकांना वेगवेगळी प्रत पाठवली तर सेकंदाला २५ लाख ६० हजार बिट लागतील. चार वाहिन्या मल्टिकास्टने सोडल्या तर फक्त २ लाख ५६ हजार. पाकिटांवरच्या पत्त्यांचा थोडा भार धरला, तरी जुनं ईथरनेटही हे सहज पेलेल.

म्हणूनच शाळेच्या संगणक खोलीतले जुने संगणक भंगारात देऊ नयेत, असं मी आपल्या बॅचच्या बैठकीत सांगितलं. एका वाहिनीवर मराठीचे धडे, दुसरीवर इंग्रजी, तिसरीवर पाढे, चौथीवर गोष्टी. ज्याला फळा दिसत नाही, त्याने कुणाच्या कुजबुजीवर अवलंबून का राहावं? पहिल्या धड्यांचं वाचन मी सुरू केलं आहे.

मेळाव्याला ती मैत्रीण येणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली. बोलण्याचा नियम लावला तर एवढं उशिरा आलेलं पाकीट टाकूनच द्यायला हवं. पण हे पत्र समजावं. पत्र उशिरा पोचलं तरी चालतं.